भिंतीतला पिंपळ

आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी एक फळांचा प्लास्टिकचा क्रेट आहे. त्यात मनगटाएवढ्या जाडीचा, वाकडातिकडा, अंगावर चुन्याचे डाग असलेला एक बुंधा उभा आहे आणि त्याला मोजून अकरा पानं आहेत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे काय आहे?" मी म्हणतो, "बोन्साय." मग पाहुणा एकदा क्रेटकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो, आणि विषय बदलतो. खरं उत्तर "बोन्साय होणार आहे, साधारण दहा वर्षांनी" असं आहे. आमच्या हापिसात एवढं लांबचं एस्टिमेट दिलं तर मला घरी पाठवतील.

हा पिंपळ पिंप्राळ्याचा. जळगावात राहिलेल्यांना पिंप्राळा सांगायला नको. आषाढी एकादशीला तिथला रथ निघतो, आणि लहानपणी आम्हाला पंढरपूरपेक्षा त्या रथाचंच अप्रूप जास्त होतं. एकेकाळचं वेगळं गाव आता शहरात मिसळून गेलंय. नाव पिंपळावरून की पिंपरीच्या झाडावरून, ह्यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. दोन्ही झाडं वडाच्याच कुळातली, तेव्हा भांडण भाऊबंदकीतलंच. असो.

तिथे माझ्या आत्याचं जुनं धाब्याचं घर होतं. मोरीच्या मागच्या भिंतीत, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, हा पिंपळ उगवलेला. भिंतीत पिंपळ उगवणं ही काही दैवी घटना नाही. तांबट, बुलबुल, मैना फळं खातात, बी विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडतं, मोरीची ओल मिळते, झालं काम. वड, पिंपळ, उंबर ह्या सगळ्यांचं बी असं कुठेही रुजतं आणि मुळं विटांच्या सांध्यातून वाट काढत जातात. माती जवळपास नसल्यामुळे झाड वाढत नाही, पण मरतही नाही. वीस-पंचवीस वर्षं कमरेएवढंच राहतं आणि बुंधा मात्र म्हाताऱ्यासारखा गाठाळ होतो. बोन्सायवाले कुंडीत जे घडवायला आयुष्य घालवतात ते इथे मोरीच्या पाण्यावर फुकट होत असतं.

आत्याने तो कधी कापू दिला नाही. पिंपळावर मुंजा असतो, पिंपळ तोडला तर निर्वंश होतो, वगैरे सगळं तिला पाठ. आतेभावाने एकदा गवंडी आणला होता. गवंडी म्हणाला बुंधा कापून वर हिंग भरू, परत फुटणार नाही. आत्याने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. श्रावणातल्या शनिवारी ती त्या भिंतीपुढेच पाणी घालायची. भिंतीला तडा जात होता आणि आमची आत्या त्या तड्याला पाणी घालत होती!

गेल्या वर्षी मे महिन्यात आतेभावाचा फोन आला. घर पाडायचं ठरलं, तिथे नवीन बांधकाम होणार. पुढे म्हणाला, "आई म्हणते, तुला झाडाचं वेड आहे, तर तो पिंपळ घेऊन जा. तू नेला तर तोडला असं होणार नाही."

आता इथे मला एक जुनं पाप सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

२००४ साली, कॉलेजात असताना, आम्ही मित्र पावसाळ्यात मनुदेवीला गेलो होतो. सातपुड्याच्या पायथ्याचं ते ठिकाण, धबधबा वगैरे. वाटेत एका खडकाळ उतारावर मला अंजनाचं रोप दिसलं. वितभर उंच, आपट्याच्या धाकट्या भावासारखी जोडपानं. अंजन म्हणजे आपल्या खान्देशच्या कोरड्या जंगलाची शान. लाकूड असं की भारतातल्या सगळ्यात जड आणि टणक लाकडांत गणलं जातं. मी टिफिनच्या चमच्याने ते रोप उकरलं. मूळ संपेचना. वितभर रोपाला हातभर खाली सरळसोट मूळ, आणि ते खडकाच्या फटीत शिरलेलं. शेवटी ओढलं, तुटलं, उरलेलं ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणलं. नवव्या दिवशी रोप वाळून काडी झालं. अंजन आधी पाण्यापर्यंत मूळ पोचवतो आणि मगच वर वाढायचं बघतो, हे मला नंतर कळलं. मूळ तुटलं की संपलं. रोलबॅक नाही. वर ती जागा जंगल खात्याची असणार, म्हणजे चोरी ती चोरीच. मित्र हसले होते, मीही हसलो होतो. पण ती काडी मी बरेच महिने फेकली नाही.

त्यामुळे आतेभावाचा फोन आल्यावर पहिला विचार आला, हा पण मारणार मी. दुसरा विचार, मे महिना. जळगावचा मे! पारा पंचेचाळिसाच्या आसपास. ह्या दिवसांत झाड उपटणं म्हणजे पेशंटचं ऑपरेशन तव्यावर करण्यासारखं. मी कॉन्ट्रॅक्टरशी फोनवर बोललो. त्याला पावसाआधी पाडकाम उरकायचं होतं, मला पाऊस पडल्याशिवाय झाडाला हात लावायचा नव्हता. बऱ्याच घासाघिशीनंतर मोरीची तेवढी आठ फूट भिंत मृग लागेपर्यंत ठेवायला तो तयार झाला. "एका पिंपळासाठी, भो?" असं तो तीन वेळा म्हणाला. तर अशा रीतीने मला जेमतेम तीन आठवडे मिळाले, आणि कुठलाही सॉफ्टवेअरवाला करतो तेच मी केलं. प्रत्यक्ष काम करायच्या आधी वाचत बसलो.

रानातून झाड आणून कुंडीत लावण्याला जपानीत 'यामादोरी' म्हणतात. यामा म्हणजे डोंगर, तोरी म्हणजे घेणं. डोंगरावरून घेतलेलं. हा शब्द मी पहिल्यांदा २०१८ साली पुण्यात प्राजक्ता काळे ह्यांच्या पुढाकाराने 'बोन्साय नमस्ते' भरलं होतं तिथे ऐकला. कला मुळात चीनमधली. तिथल्या राजपुत्र चांगह्वाइच्या इ.स. ७०६ मधल्या थडग्याच्या भिंतींवर, तबकात छोटी झाडं आणि दगड घेऊन चाललेले सेवक रंगवलेले आहेत. जपानमध्ये १३०९ च्या एका चित्रगुंडाळीत कुंडीतली झाडं दिसतात. म्हणजे तिकडे ही गोष्ट निदान सातशे वर्षं जुनी, आणि सुरुवातीची बरीचशी झाडं डोंगरातूनच आणलेली असणार. कारण साधं आहे. वारा, बर्फ आणि उपासमार ह्यांनी शंभर वर्षं घडवलेला बुंधा माणसाला घरी बनवता येत नाही.

पण ह्या रसिकतेची किंमत डोंगराने मोजली. जपानमध्ये शिंपाकू नावाचा जुनिपर आहे, त्याच्या बुंध्यावर पांढरं वाळलेलं लाकूड आणि जिवंत सालीची लाल पट्टी एकमेकांना पीळ घालून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ह्या झाडाचं वेड लागलं. आधी शिकोकू बेटावरचे डोंगर झाले, मग इतोइगावाचे कडे. माणसं दोरांवर लटकून कड्यातली झाडं काढत, त्यात काही जण दरीत पडून मेले. टोकियोतल्या श्रीमंत बागांमध्ये त्या झाडांना मोल येत होतं आणि कडे रिकामे होत होते. काही दशकांत जुने देखणे शिंपाकू रानात दुर्मीळ झाले. आज जपानमध्ये जे शिंपाकू विकले जातात ते बहुतेक फांदीच्या कलमांपासून शेतात वाढवलेले असतात. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले शहर सोडून ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे त्यांनी बोन्सायचं गावच वसवलं. त्याबद्दल सगळे कौतुकाने लिहितात (आणि कौतुकाचंच आहे ते), पण त्याच काळात रिकाम्या झालेल्या कड्यांबद्दल फार कोणी लिहीत नाही. हे वाचताना मला माझा टिफिनचा चमचा आठवत होता.

बरं, आपल्याकडे काय? बोन्सायची पुस्तकं चाळली तर हमखास एक वाक्य भेटतं, की ही कला मूळची भारतातली, ऋषिमुनी औषधी झाडं कुंडीत खुजी करून ठेवत, तिला 'वामनवृक्ष कला' म्हणत, इथून ती चीनला गेली. ऐकायला छान आहे. पण आधार मागितला की हे वाक्य दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवतं, ते तिसऱ्याकडे, आणि शेवटी हाती काही लागत नाही. मला ह्या दाव्याची गरजही वाटत नाही, कारण जे खरोखर लिहून ठेवलेलं आहे ते जास्त भारी आहे.

एक म्हणजे पिंपळ कुंडीत लावण्याची माझ्या माहितीतली सगळ्यात जुनी गोष्ट. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी संघमित्तेबरोबर श्रीलंकेला पाठवली, ती अनुराधपुराला लावली गेली, आणि तिथला पिंपळ आजही पूजला जातो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पाचव्या-सहाव्या शतकातल्या 'महावंस' ह्या पाली ग्रंथात ती फांदी घेतली कशी, ह्याचं वर्णन आहे. अशोकापुढे पेच असा होता की बोधिवृक्षाला शस्त्र लावायचं नाही, मग फांदी आणायची कशी? मग तो सोन्याचं मोठं पात्र करवून घेतो, त्यात सुगंधी माती भरतो, आणि फांदीवर मनशिळेने म्हणजे लाल रंगाने रेघ ओढतो. फांदी त्या रेघेपाशी आपली आपण सुटते, पात्रावर तरंगते आणि तिला मुळं फुटतात. चमत्कार म्हणून सोडून द्या हवं तर. पण कोणत्याही नर्सरीवाल्याला विचारा. फांदीभोवती साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, कडेपाशी मुळं फुटू द्यायची आणि मगच फांदी वेगळी करायची, ह्याला तो गुटी कलम म्हणेल. त्या कथेत कुणीतरी माळी दडलेला आहे असं मला राहून राहून वाटतं.

दुसरं म्हणजे वराहमिहिर. सहाव्या शतकातल्या त्याच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेद नावाचा एक अध्याय आहे. त्यात झाडं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायची कशी ते आहे. फांद्या न फुटलेली झाडं शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात, आणि चांगला बुंधा झालेली पावसाळ्याच्या तोंडावर. मी हे वाचून खुर्चीतून उठलोच. माझ्या मृगाला दीड हजार वर्षं जुना पाठिंबा! हलवायच्या झाडाला मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण ह्यांचा लेप द्यायला तो सांगतो. आणि आणखी एक अट घालतो. झाड मूळ जागी ज्या दिशेला तोंड करून होतं, त्याच दिशेला नव्या जागी लावायचं. ह्यात निदान सालीपुरतं तरी तथ्य आहे. सावलीत राहिलेली साल अचानक पश्चिमेच्या उन्हात आली तर करपते.

वाचनाच्या त्या तीन आठवड्यांत कायदाही वाचला, आणि खान्देशच्या जंगलाकडे बघायची नजरच बदलली. १८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला, १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी काढली, लेफ्टनंट जेम्स औट्रमने भिल्लांचं पलटण उभं केलं. हा इतिहास आपण शाळेत वाचतो. पुढचा कमी वाचतो. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथून लाकूडफाटा आणला तिथेच माणसं गुन्हेगार ठरू लागली. त्याच्याच जागी १९२७ चा कायदा आला आणि त्याच्या पायावर आजही कारभार चालतो. जंगलात उगवलेलं किंवा तिथून आणलेलं झाड, रोप, पान, फूल, एवढंच काय वरची माती आणि दगडसुद्धा त्याच्या लेखी वनोपज आहे. १९६९ मध्ये यावल अभयारण्य झालं, तिथे तर प्रश्नच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना आणि जंगलात पिढ्यांपासून राहणाऱ्यांना गौण वनोपजावर हक्क दिला. तो पावरा-तडवी कुटुंबांसाठी आहे, पुण्याहून बूट घालून आलेल्या छंदिष्टासाठी नाही. चुलीसाठी मोळी आणणाऱ्या बाईला ज्या जंगलात दंड भरावा लागला, तिथून मी शोभेसाठी शंभर वर्षांचं झाड उचलायचं, ह्याला काय म्हणायचं? मी रानातल्या झाडाला हात लावायचा नाही हे तिथेच ठरवून टाकलं.

मग उरतं काय? उरतं भरपूर. पाडायला काढलेले वाडे, रुंद होणारे रस्ते, प्लॉट पडलेली शेतं, तडे गेलेल्या पाण्याच्या टाक्या. ह्या सगळ्या जागी अशी झाडं आहेत जी येत्या महिन्यात मरणारच आहेत. जपान्याला डोंगराचा कडा लागतो, आपल्याला मोरीची भिंत पुरते. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे, त्यामुळे खासगी घरातलं झाड झालं तरी परवानगीचा विषय येतोच. आतेभावाने पाडकामाच्या कागदांबरोबर झाडाचाही अर्ज टाकला होता. नाहीतर मी उत्साहाच्या भरात हेही विसरलो असतो.

मृगाचे पहिले दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या रात्री पाऊस पडला आणि मी पहाटेच्या गाडीने जळगावला उतरलो. घर नव्हतंच. ढिगाऱ्याच्या मधोमध आठ फूट भिंत आणि तिच्यात पिंपळ. आत्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली, हातात कुंकवाची डबी.

झाड भिंतीतून ओढून निघत नाही, हा पहिला धडा. झाडापासून भिंत काढावी लागते. वरून एकेक वीट सैल करायची, सांध्यातली माती ओल्या बोटांनी काढायची, आणि मुळाची दिशा समजून घ्यायची. जाड मुळं नुसती धरून ठेवतात, झाड पाणी पितं ते केसांसारख्या बारीक मुळांनी. तेव्हा जाड मूळ लांबवर सापडलं तर करवतीने साफ कापायचं, पण बारीक मुळांचा झुबका आला की पुढच्या दोन विटा तशाच मुळांसकट उचलायच्या. कॉन्ट्रॅक्टरचा जेसीबीवाला पोरगा आधी लांबून बघत होता. "काय करू ऱ्हायला रे भो, दहा मिनिटाचं काम!" मग तास गेला, दीड तास गेला, आणि पोरगा आपणहून येऊन विटा धरायला लागला. मुळं इतकी लांब गेली होती की एक तर थेट जुन्या उखळाखाली निघालं. पांढरा चीक वाहत होता, तो मी पाण्याने धुतला. पानं जवळजवळ सगळी कातरली, कारण पाणी ओढणारी मुळं निम्मी गेल्यावर पाणी उडवणारी पानं ठेवून चालत नाही.

शेवटची वीट काढायच्या आधी आत्या उठून आली. तिने बुंध्याला पूर्वेच्या बाजूने कुंकू लावलं आणि नमस्कार केला. मी तिला वराहमिहिराबद्दल काही बोललो नव्हतो, देवाशप्पथ! विचारलं, "पूर्वेलाच का?" तर म्हणे, "रोज सकाळी तिकडूनच पाणी घालत होते ना मी." मी त्या कुंकवाच्या जागी खडूने 'पू' लिहिलं.

ओलं बारदान, वरून प्लास्टिक, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुणे. बसवाल्याने सामानाचे पैसे घेतले ते घेतलेच. क्रेटमध्ये जाड वाळू, विटांचा चुरा आणि अगदी थोडं शेणखत. बोन्सायची ती उथळ देखणी तबकं निदान तीन-चार वर्षं विसरायची. आधी झाड जगलं पाहिजे, मग त्याला शिस्त. लोक इथेच घाई करतात. काढल्या काढल्या तार गुंडाळतात, उथळ कुंडीत घालतात, आणि मग "आमच्या हाताला झाडं लागत नाहीत" म्हणतात. तुपाचा आणि मधाचा लेप मी दिला नाही. मुंग्यांची भीती वाटली. बाकी वराहमिहिराचं सगळं ऐकलं.

एकोणतीस दिवस काहीच झालं नाही. रोज सकाळी नखाने साल किंचित खरवडून बघायचो, आत हिरवं आहे का. (असं रोज करू नये.) तिसाव्या दिवशी बुंध्याच्या मधोमध, अगदी नको त्या ठिकाणी, एक लाल टोक दिसलं. वरची जी फांदी मी मोठ्या हौसेने राखली होती ती मात्र सगळी वाळली. पिंपळाचं हे असंच. न विचारता फांद्या टाकून देतो, पानं मोठी, पेरं लांब. बोन्सायसाठी वड किंवा नांदरूक कितीतरी सरळ. पण निवडायला मी बाजारात गेलो नव्हतो.

त्या दिवशी आत्याला फोन केला. तिला आनंद झाला, पण लगेच म्हणाली, "मग आता त्याला कायम लहानच ठेवणार का रे तू?"

मी तिला सांगितलं की भिंतीतही तो लहानच होता. ती म्हणाली, "भिंतीत त्याचा नाइलाज होता." ह्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. मात्र येत्या पावसाळ्यात वरची नवी फांदी जाड झाली तर तिच्यावर गुटी बांधायची, आणि मुळं फुटली की ते रोप पिंप्राळ्याला नेऊन नव्या बांधकामापासून लांब, मोकळ्या जमिनीत लावायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. जागा आत्या शोधते आहे. भिंतीपासून किती फूट लांब पाहिजे, हे तिने मला तीनदा विचारून कागदावर लिहून घेतलंय.

खडूचा 'पू' पहिल्याच पावसात धुऊन गेला, म्हणून मी क्रेटवर मार्करने परत लिहिला. आमची बाल्कनी पश्चिमेला आहे. त्यामुळे पिंपळाची पूर्व सध्या वॉशिंग मशीनकडे तोंड करून आहे, आणि सकाळी पाणी घालायला मला मशीन आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटीत शिरावं लागतं.